धागा: दोन जीबीच्या व्हीपीएसवर मेल सर्व्हरचा स्पॅम फिल्टर (पोस्टफिक्स + रस्पॅमडी + अनबाउंड)

कोकणकडा

व्हीपीएसवरच्या मेल सर्व्हरला स्पॅम फिल्टर कसा लावायचा, हा प्रश्न इतर धाग्यांत तुकड्यातुकड्याने येतो, म्हणून हा स्वतंत्र धागा. समोर धरलेली मांडणी अशी: केव्हीएम व्हीपीएस (स्वतःचं कर्नल असलेला भाड्याचा आभासी सर्व्हर), दोन व्हीसीपीयू, दोन जीबी रॅम, डेबियन १२, वीस-तीस मेलबॉक्सचं एखादं कार्यालय किंवा पतसंस्था. पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) चालू आहेत, मेल येते-जाते. आता कचरा अडवायचा आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. जी मेल नाकारायची ती दारातच नाकारायची, म्हणजे समोरच्या सर्व्हरशी एसएमटीपी संवाद चालू असतानाच. तुमचा सर्व्हर एकदा का २५० (मेल स्वीकारली) म्हणाला, की ती मेल तुमच्या गळ्यात पडली. मग ती स्पॅम ठरवून परत पाठवली, तर ती ज्याचा पत्ता चोरला त्या निरपराध माणसाकडे जाते. यालाच बॅकस्कॅटर म्हणतात आणि त्यापायी तुमचाच आयपी काळ्या यादीत जातो. गुपचूप पुसून टाकली, तर चुकून अडकलेल्या खऱ्या मेलचा थांगपत्ता ना पाठवणाऱ्याला लागतो, ना घेणाऱ्याला. दारात ५५० (कायमचा नकार) दिला की पाठवणाऱ्याचा सर्व्हरच त्याला कळवतो. म्हणून मेल आधी रांगेत घ्यायची आणि मग अमाविस या फिल्टरकडे द्यायची, ही जुन्या लेखांतली कंटेंट_फिल्टरची पद्धत नव्या मांडणीत नको. मिल्टर वापरा, म्हणजे संवाद चालू असतानाच मेल तपासणारा जोड.

पहिली चाळणी पोस्टस्क्रीन, पोस्टफिक्सचाच द्वारपाल. फक्त पोर्ट २५ वर. ५८७ आणि ४६५ वर अजिबात नाही. तो स्वागताच्या ओळीआधी सहा सेकंद थांबतो, आणि त्या वेळात जो बॉट घाईने बोलायला लागतो तो पकडला जातो. पोस्टस्क्रीन_ग्रीट_ॲक्शन आणि पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_ॲक्शन दोन्ही एन्फोर्स ठेवा. पाइपलाइनिंग, बेअर न्यूलाइन वगैरे खोल चाचण्या मात्र बंदच राहू द्या. त्या पार केलेल्या सर्व्हरलाही पोस्टस्क्रीन एकदा तात्पुरतं परत पाठवतो. मोठ्या मेल कंपन्या पुढचा प्रयत्न दुसऱ्याच आयपीवरून करतात, तिथे पुन्हा तेच, आणि ओटीपीची मेल अर्ध्या तासाने पोचते.

दुसरी पोस्टफिक्सची नेहमीची बंधनं. रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन (दुसऱ्यांच्या मेलची वाहतूक नको) आणि रिजेक्ट_अनलिस्टेड_रेसिपियंट (नसलेल्या मेलबॉक्सची मेल नको) हवेतच. रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम, म्हणजे पीटीआर नोंदच (आयपीवरून नाव सांगणारी) नसलेल्याला नकार, हेही चालतं. त्याचा मोठा भाऊ रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम लावू नका. तो पीटीआर आणि ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी) दोन्ही जुळायला लावतो, आणि आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांच्या नि महाविद्यालयांच्या सर्व्हरांवर त्या जुळत नाहीत.

तिसरी आणि मुख्य चाळणी रस्पॅमडी, मेलला गुण देऊन स्पॅम ठरवणारा फिल्टर. वितरणाच्या भांडारातली आवृत्ती मागे राहते, तेव्हा प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून घ्या. एसएमटीपीडी_मिल्टर्समध्ये लोकलहोस्टचं पोर्ट ११३३२. कमी रॅमवर वर्कर-प्रॉक्सीला सेल्फ_स्कॅन चालू करा आणि वर्कर-नॉर्मल बंद करा. एक प्रक्रिया वाचते. बदल नेहमी लोकल.डी मध्ये करा. मूळ फाइलींना हात लावला तर पुढच्या अपग्रेडला गोंधळ होतो. प्रत्येक बदलानंतर रस्पॅमॲडम कॉन्फिगटेस्ट चालवा आणि मगच रीलोड करा.

मूळ उंबरठे १५ गुणांना नकार, ६ ला स्पॅमचं हेडर, ४ ला ग्रेलिस्ट (तात्पुरतं परत पाठवणं) असे आहेत. पहिले काही आठवडे ते तसेच ठेवा. पहिल्याच दिवशी नकार १० वर आणण्याचा मोह आवरा.

---

रात्रपाळी

उत्तम सुरुवात. पण या सगळ्याचा पाया डीएनएस आहे, आणि व्हीपीएसवर नेमका तोच कच्चा असतो.

होस्टिंग कंपनी रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून देते. स्पॅमहाउस (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या काळ्या याद्या चालवणारी संस्था; झेन ही तिची एकत्रित यादी) अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरांमार्फत (डीएनएस शोध घेऊन देणाऱ्या सर्व्हरांमार्फत) आलेल्या चौकशीला खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ देते. चौकशा प्रमाणाबाहेर गेल्या तर १२७.२५५.२५५.२५५. हे त्रुटीचे संकेत आहेत, 'आयपी यादीत आहे' असा त्यांचा अर्थ नाही. पण तुमच्या कॉन्फिगमध्ये नुसतं झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग एवढंच लिहिलं असेल, तर पोस्टफिक्सच्या दृष्टीने कुठलंही उत्तर म्हणजे यादीत असणं. मग जगातली प्रत्येक मेल नाकारली जाते.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. पहिला, अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा आणि १२७.०.०.१ वर चालू ठेवा. तो मूळ सर्व्हरांपासून स्वतः शोध घेणारा हवा. त्यात फॉरवर्डर म्हणून परत ८.८.८.८ घातलं तर सगळं मुसळ केरात. दुसरा, यादीच्या नावापुढे अपेक्षित उत्तर लिहा:

झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११]*३

शेवटचा ३ हे वजन. पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_थ्रेशोल्डही ३ ठेवा. दुसऱ्या एखाद्या यादीला वजन २ दिलंत, तर ती एकटी कुणाला अडवू शकत नाही. हे वजन-बिजन कशाला, असं वाटत असेल तर जानेवारी २०२१ चं अखेर आठवा. स्पॅमकॉपच्या डोमेनची मुदत संपली, पार्क केलेल्या डोमेनवरून प्रत्येक चौकशीला उत्तर यायला लागलं, आणि ती यादी उघडी वापरणाऱ्यांनी अख्ख्या जगाची मेल नाकारली. ज्यांनी '=१२७.०.०.२' लिहिलं होतं ते सुटले. एएचबीएल यादीनेही बंद झाल्यावर २०१५ च्या सुरुवातीपासून सगळ्यांनाच 'यादीत आहे' म्हणायला सुरुवात केली होती. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या लेखांतून यादीची ओळ जशीच्या तशी उचलू नका.

तपासणी सोपी. डिग या डीएनएस-चौकशीच्या आज्ञेने २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग विचारा: १२७.०.०.२, .४ आणि .१० अशी उत्तरं यायला हवीत. मग १.०.०.१२७ विचारा: काहीच येता कामा नये. पहिल्याला १२७.२५५ ने सुरू होणारं उत्तर आलं, तर रिझॉल्व्हर अजून बाहेरचाच आहे.

काही मोठ्या होस्टिंग कंपन्यांच्या आयपीवरून स्वतःचा रिझॉल्व्हर असूनही २५४ च येतो. विशेषतः पीटीआर नोंद कंपनीने दिलेली सरधोपट असेल तर. तिथे आधी पीटीआर आपल्या होस्टनेमवर आणा. तरी जमलं नाही तर स्पॅमहाउसच्या डीक्यूएस सेवेची किल्ली घ्या. कमी वापरासाठी ती फुकट मिळते. ही किल्ली यादीच्या नावातच असते, त्यामुळे नकाराच्या संदेशातून ती बाहेर फुटते. पोस्टस्क्रीन_डीएनएसबीएल_रिप्लाय_मॅप लावून ती झाकायला विसरू नका.

---

शेलवाट

वरचं सगळं तसंच केलं आहे. डिगची उत्तरं बरोबर येतात. पण पोस्टस्क्रीनच्या लॉगमध्ये झेनचा एकही हिट नाही, दोन दिवसांत शून्य. कुठे पाहावं?

---

रात्रपाळी

@शेलवाट, डेबियनवर पोस्टफिक्सच्या बऱ्याच प्रक्रिया क्रूटमध्ये (एका फोल्डरात कोंडलेल्या) चालतात. यादी विचारणारी डीएनएसब्लॉग ही त्यातलीच. ती /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ईटीसी मधली रिझॉल्व्ह.कॉन्फची प्रत वाचते, आणि ती प्रत पोस्टफिक्स सुरू होताना केली जाते. तुम्ही अनबाउंड नंतर लावलात, पण तिथे अजून जुनाच ८.८.८.८ बसला असणार. चौकशीला २५४ येतं, तुमचा [२..११] चा गाळणा ते योग्यच टाकून देतो, आणि पोस्टस्क्रीनच्या लॉगमध्ये शांतता. पोस्टफिक्स रीलोड नको, पूर्ण रीस्टार्ट करा आणि दोन्ही फाइली डिफने ताडून पाहा.

शिवाय क्लाउड-इनिट किंवा डीएचसीपी पुढच्या रीबूटला रिझॉल्व्ह.कॉन्फ परत बदलू शकतं. रस्पॅमडीला त्यातून सोडवायचं तर लोकल.डी मधल्या ऑप्शन्स.इंकमध्ये डीएनएस विभागात नेमसर्व्हर म्हणून १२७.०.०.१ थेट लिहा. पोस्टफिक्ससाठी मात्र डीएचसीपीच्याच सेटिंगमध्ये बंदोबस्त करावा लागेल.

---

शेलवाट

हेच होतं. प्रतीत जुनीच ओळ होती. रीस्टार्टनंतर हिट दिसताहेत. मनापासून धन्यवाद.

---

पाटावरवंटा

दोन जीबीत क्लॅमएव्ही हा व्हायरस-शोधक बसवायचा का, हे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझं उत्तर: नाही.

त्याची क्लॅमडी ही प्रक्रिया व्हायरसच्या सह्यांचा (ओळखखुणांचा) सगळा संच मेमरीत धरते, तो एक जीबीच्या वर जातो. नवीन संच आला की जुना चालू ठेवून नवा शेजारी भरतो, म्हणजे तेवढ्या वेळापुरती गरज जवळपास दुप्पट. कर्नलचा ओओएम किलर मग जो मोठा दिसेल त्याला मारतो, आणि तो दर वेळी क्लॅमडीच असेल असं नाही. रस्पॅमडीचा डेटा ठेवणारा रेडिसही असू शकतो. डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. कन्करंटडेटाबेसरीलोड 'नो' केलं तर दुप्पट होत नाही, पण भरणं चालू असेपर्यंत तपासणी थांबते. चार जीबी असेल तर खुशाल लावा.

दोन जीबीत त्याऐवजी रस्पॅमडीच्या माइम_टाइप्स मॉड्यूलवर भर द्या. ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, आयएसओ, एलएनके या जोडपत्रांना भरपूर गुण द्या, झिपच्या आतल्यांनाही. कार्यालयात अशी जोडपत्रं मेलने येण्याचं खरं कारण क्वचितच असतं.

आणि रेडिस. बेयेसचे (उदाहरणांवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाचे) सगळे टोकन त्यात राहतात. मॅक्समेमरी ठरवून द्या, २५६ एमबी या आकाराला पुरते, आणि धोरण व्होलाटाइल-टीटीएल ठेवा. ऑलकीज-एलआरयू ठेवलंत तर जागा कमी पडल्यावर शिकवलेलं ज्ञानही उडतं. व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी १ करा. नाहीतर रॅम कमी असताना रेडिसचं पार्श्वभूमीतलं सेव्ह फसतं, त्यानंतर तो लिहून घेणंच बंद करतो, आणि शिकवणी थांबल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी कंटेनर असेल तर हे मूल्य आतून बदलता येत नाही, ते यजमान कर्नलचं असतं. मेल सर्व्हरसाठी केव्हीएमच घ्या म्हणतात ते यासाठीही.

---

मूळपद

आभासी सर्व्हरचीच आणखी एक गोम. रस्पॅमडी नमुने जुळवायला हायपरस्कॅन वापरतो आणि त्याला सीपीयूत एसएसएसई३ (एक सूचनासंच) लागतं. खरा प्रोसेसर कितीही नवा असो, व्हीएमला केव्हीएम६४ हा सीपीयू प्रकार दिला असेल तर आत ते दिसतच नाही. प्रॉक्समॉक्सवर जुन्या व्हीएममध्ये हाच प्रकार पडून असतो. रस्पॅमडी मग हायपरस्कॅन बंद करून चालत राहतो, फक्त हळू, आणि दोष रॅमला दिला जातो. /प्रॉक/सीपीयूइन्फोमध्ये एसएसएसई३ शोधा. सर्व्हर स्वतःचा असेल तर प्रकार 'होस्ट' किंवा एक्स८६-६४-व्ही२-एईएस करा आणि व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा. आतून दिलेला रीबूट पुरत नाही.

---

पाणवठा

मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन बद्दल. जवळजवळ प्रत्येक लेखात 'ॲक्सेप्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे रस्पॅमडी बंद पडला तरी मेल येत राहील. कार्यालयासाठी हेच बरोबर ना? मेल थांबण्यापेक्षा थोडा स्पॅम परवडला.

---

कोकणकडा

@पाणवठा, मी पोस्टफिक्सचं मूळ मूल्य 'टेम्पफेल' तेच ठेवण्याच्या बाजूचा आहे. येणारी मेल त्याने हरवत नाही. समोरचा सर्व्हर ती रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो; बहुतेक सर्व्हर काही दिवस तरी. 'ॲक्सेप्ट'चा खरा तोटा जाणाऱ्या मेलला आहे. डीकेआयएम सही (मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे दाखवणारी) रस्पॅमडीच करतो. तो मेला की तुमच्या मेल सहीशिवाय बाहेर पडतात, डीमार्क (पाठवणाऱ्या डोमेनची पडताळणी) फक्त एसपीएफच्या, म्हणजे परवानगी असलेल्या आयपींच्या यादीच्या, भरवशावर उरतो, आणि मधे कुणी फॉरवर्ड केलेली मेल तिथेही नापास होते. हे तुम्हाला कळतं ते ग्राहकाचा फोन आल्यावर. 'टेम्पफेल'मध्ये पाठवणाऱ्याच्या आउटलुकला लगेच ४५१ (तात्पुरता नकार) दिसतो आणि पाच मिनिटांत तुमच्यापर्यंत बोंब पोचते. पतसंस्थेसारख्या ठिकाणी मला ही बोंब हवीच आहे.

मात्र यासोबत बंद पडलेली प्रक्रिया आपोआप सुरू करणारं मॉनिट किंवा सिस्टमडीचं रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर हवं. ज्यांच्याकडे रात्री पाहणारं कुणीच नाही, त्यांनी 'ॲक्सेप्ट' ठेवलं तर मी वाद घालणार नाही.

---

सायंतारा

बेयेस शिकवण्यावर थोडं सविस्तर, कारण फिल्टर खरा तिथेच आपला होतो.

रस्पॅमडीचा बेयेस किमान २०० स्पॅम आणि २०० हॅम (खरी मेल) शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही. स्पॅमचे २०० आठवड्यात होतात. हॅमचे होतच नाहीत, कारण लोक जंकमध्ये टाकतात तेवढं उत्साहाने बाहेर काढत नाहीत. मग महिनाभर आकडा ९००/१२ असा राहतो आणि 'बेयेस काही कामाचा नाही' असा निष्कर्ष निघतो. रस्पॅमसी स्टॅट चालवून दोन्ही आकडे पाहा. सुरुवातीलाच चार-पाच जणांच्या परवानगीने त्यांच्या जुन्या, हाताने लावलेल्या फोल्डरांमधली पत्रं रस्पॅमसी लर्न_हॅमने द्या. इनबॉक्स सरसकट देऊ नका, त्यात न हटवलेला कचरा असतो.

पुढची रोजची शिकवणी डव्हकॉटच्या आयमॅपसिव्हने (मेल फोल्डर बदलताच स्क्रिप्ट चालवणारं प्लगइन). मेल जंकमध्ये हलवली की लर्न_स्पॅम, जंकमधून बाहेर आली की लर्न_हॅम. दुसऱ्या नियमात ट्रॅशचा अपवाद करायलाच हवा. नाहीतर जंक रिकामं करणारा प्रत्येक जण त्या कचऱ्याला 'चांगली मेल' म्हणून शिकवत राहतो. स्क्रिप्ट सिव्हसीने आधी कंपाइल करून ठेवा, कारण चालताना त्या फोल्डरात लिहायची परवानगी मेलच्या वापरकर्त्याला नसते आणि लॉगमध्ये तक्रारी साचतात.

डेबियन १३ वर जाणाऱ्यांनी लक्षात घ्या: तिथे डव्हकॉट २.४ आहे आणि कॉन्फिगची वाक्यरचना बदलली आहे. २.३ ची फाइल तशीच ठेवली तर डव्हकॉट सुरूच होत नाही. सिव्हचा भाग नव्याने लिहावा लागतो.

एक्स-स्पॅम: येस हेडर पाहून जंकमध्ये टाकणारी सिव्ह स्क्रिप्ट सगळ्यांसाठी एकच, सिव्ह_बिफोरमध्ये. जंकला ऑटोएक्सपंज (आपोआप पुसणं) ३० दिवस.

एक अडचण माणसांची आहे. स्वतः नोंदणी केलेलं वृत्तपत्रक कंटाळा आला म्हणून लोक जंकमध्ये ढकलतात. सामायिक बेयेसमध्ये एकाचा कंटाळा सगळ्यांना बाधतो. 'अनसबस्क्राइब वेगळं, जंक वेगळं' हे कर्मचाऱ्यांना पंधरा मिनिटं बसवून सांगा.

---

बोरूबहाद्दर

मराठी मेलचा प्रश्न कुणी काढला नाही. स्पॅमअसॅसिन हा दुसरा फिल्टर वापरणाऱ्यांनी त्याच्या भाषा ओळखणाऱ्या टेक्स्टकॅट प्लगइनमध्ये ओके_लँग्वेजेस 'ईएन' एवढंच ठेवलं असेल, तर मराठी पत्रांना अनवाँटेड_लँग्वेज_बॉडीचे गुण लागतात. यादीत मराठीचं एमआर आहे, ते घाला. सोबत हिंदीचं एचआय, नेपाळीचं एनई आणि संस्कृतचं एसएही घाला. दोन ओळींच्या देवनागरी मजकुरात या चौघांत फरक करणं त्याला जड जातं.

रस्पॅमडीत आर_मिक्स्ड_चारसेट हे चिन्ह (गुण देणारा नियम) पाहा. एका शब्दात दोन लिप्या मिसळल्या तर ते उठतं, कारण ठग लॅटिन शब्दात सिरिलिक अक्षर घुसवतात. आपण तर रोमन संक्षेपाला देवनागरी प्रत्यय चिकटवूनच लिहितो, 'पीडीएफची प्रत', 'जीएसटीचा आकडा' यातला पहिला भाग रोमनमध्ये. वेब पॅनेलच्या हिस्टरीत खऱ्या मराठी मेलवर हे चिन्ह दिसत असेल, तर लोकल.डी मधल्या ग्रुप्स.कॉन्फमध्ये त्याचं वजन १ वर आणा. पूर्ण शून्य नको, ते ठगांविरुद्ध कामाचं आहे.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत टंकलेली पत्रं अजून येतात. ती फिल्टरला अगम्य रोमन अक्षरांसारखी दिसतात, पण फॉन्टात कळ आणि अक्षराचं नातं ठरलेलं असतं. त्यामुळे पुरेशी उदाहरणं हॅम म्हणून दिली की बेयेस तीही ओळखायला शिकतो.

---

पाटावरवंटा

@बोरूबहाद्दर, फार उपयोगी. लिप्यांचा मुद्दा इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणारच नाही.

---

मूळपद

जाणाऱ्या मेलबद्दल थोडक्यात, कारण आयपी काळ्या यादीत जातो तो बहुधा आतल्याच माणसामुळे.

एखाद्याचा पासवर्ड फुटला की रात्रीतून हजारो मेल निघतात. रस्पॅमडीच्या रेटलिमिट मॉड्यूलमध्ये 'यूजर' मर्यादा लावा; तासाला ६० आणि एका दमात ३० ही सामान्य कर्मचाऱ्याला भरपूर होते. पोर्ट २५ वर लॉगिन ठेवूच नका, ते फक्त ५८७ आणि ४६५ वर.

'माझी सगळी मेल जीमेलवर फॉरवर्ड करा' ही साहेबांची मागणी सर्वांत घातक. फिल्टरमधून निसटलेला स्पॅम तुमच्या आयपीवरून जीमेलकडे जातो आणि बदनामी तुमची होते. मूळ पाठवणाऱ्याचा एसपीएफही तिथे मोडतो. मोबाइलमध्ये थेट आयमॅप खातं जोडून द्या. फॉरवर्ड टळतच नसेल तर सिव्हमध्ये जंकच्या नियमानंतर करा आणि एसआरएस (पाठवणाऱ्याचा पत्ता फॉरवर्डसाठी बदलून लिहिणं) लावा.

आयपीव्ही६ असेल तर पाहा की कंपनी अख्खा /६४ (पत्त्यांचा एक गट) तुम्हाला देते की शेजाऱ्यांत वाटते. आयपीव्ही६ ची पत पत्त्यागणिक क्वचितच मोजली जाते, सहसा /६४ ची मोजली जाते, त्यामुळे वाटलेल्या /६४ मध्ये शेजाऱ्याचं पाप तुमच्या माथी. तसं असेल किंवा पीटीआर लावता येत नसेल, तर बाहेर जाणारी मेल आयपीव्ही४ वरूनच पाठवा.

---

पाणवठा

टेम्पफेलचं पटलं, बदल केला. आता हे सगळं खरोखर चालतंय याची खात्री कशी करायची? खऱ्या स्पॅमची वाट पाहत बसायचं का?

---

कोकणकडा

नाही, वाट पाहू नका. जीट्यूब नावाची ठरलेली चाचणी-ओळ आहे, ती स्पॅमअसॅसिन आणि रस्पॅमडी दोन्ही ओळखतात. बाहेरच्या एखाद्या मशीनवरून स्वाक्स या चाचणी-साधनाने ती मेलच्या मजकुरात घालून तुमच्या पोर्ट २५ ला पाठवा. संवादातच ५५४ यायला हवा. २५० आला आणि मेल आत पोचली, तर मिल्टर जोडलेला नाही.

मग एक साधी मराठी मेल बाहेरच्या खात्यावरून पाठवा आणि ११३३४ वरच्या पॅनेलमध्ये तिचे गुण चिन्हागणिक वाचा. हे पॅनेल बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका, एसएसएच टनेलने पाहा. आरबीएल मॉड्यूलच्या चिन्हांत 'ब्लॉक्ड' शब्द असलेलं काही दिसलं, तर परत रात्रपाळींच्या प्रतिसादाकडे जा. शेवटी रस्पॅमडी मुद्दाम थांबवून एक मेल पाठवा, ४५१ पाहा, पुन्हा चालू करा आणि रांगेतून ती मेल येते का पाहा. जीमेलसारखं बाहेरचं खातं वापरलंत तर दुसऱ्या प्रयत्नाला काही मिनिटं लागतील, तेवढी कळ काढा.